उसनं घर

"सांग ना, जेवलो म्हणून."

आईचा तो आवाज अजून माझ्या मानेमागे उभा असतो. आवाजात हसू होतं आणि हसण्याखाली माझ्या पाठीत रुतलेलं तिचं एक बोट. समोर लोखंडी खुर्चीवर तपकिरी पिशवीवाले एक साहेब बसले होते. खुर्ची शेजारच्यांची होती. साहेबांनी वाकून विचारलं होतं, "काय बाळ, आज जेवलीस का?" मी नऊ वर्षांची. आदल्या दुपारपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, "हो. आम्ही सगळे जेवलो." साहेबांनी कागदावर एक खूण केली. आईनं बोट काढून घेतलं.

काम करता करता ती दोन ओळी गुणगुणायची. कुणाच्या होत्या ठाऊक नाही, बहुतेक तिच्याच:

झाक बाई झाक, मडक्याचं तोंड,
रिकाम्या घराची, उठू नये बोंब.

साहेबांच्या त्या खुणेचं पुढं काय झालं, हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आता पिशवी माझ्या खांद्यावर असते. शहराच्या कल्याण कार्यालयात मी घरभेटीचं काम करते. अर्ज आला की पत्ता घ्यायचा, दार वाजवायचं, छापील कागदावरचे चाळीस प्रश्न विचारायचे आणि दिसेल ते लिहायचं. वस्त्यांमधून मला नावानं कुणी ओळखत नाही. पोरं लांबूनच ओरडतात, "फॉर्मताई आली, फॉर्मताई!"

आमच्या कागदाची एक गंमत आहे. घरातल्या वस्तूंना गुण असतात. खुर्चीला एक, घड्याळाला एक, आरशाला एक, पंख्याला दोन. शेवटी बेरीज करायची. नऊ किंवा त्याच्या आत आली तर मदत मिळते, वर गेली की अर्ज बाद. म्हणजे परीक्षा उलटी. इथं नापास होणारा पास. आणि ही गोष्ट अर्जदाराला सांगायची नाही, हा आमचा पहिला नियम. सांगितली तर लोक वस्तू लपवतील, असं कार्यालयाला वाटतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीनं एका म्हातारीच्या कानात सांगितली, तर महिन्याभरात कार्यालयातलं त्या मुलीचं टेबल रिकामं झालं.

लपवतील म्हणे! कार्यालयानं गरिबाचं घर कधी आतून बघितलेलंच नाही. पाहुणा येणार म्हटलं की गरीब माणूस असेल नसेल ते मांडून ठेवतो. नसेल ते उसनं आणून मांडतो.

*

एका गल्लीत मी आठवड्यात दुसऱ्यांदा गेले ते काजवालीच्या अर्जासाठी. ती एका शिवणाच्या कारखान्यात कोटांची काजं हातानं करायची. नवरा रंगारी. दोन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. तिनं अर्जात एवढंच मागितलं होतं की दिवसाचे चार तास एक सेविका घरी यावी. त्याला कुशीवर वळवावं, स्वच्छ करावं, चार घास भरवावेत. कारखान्याचा मालक आता काम घरी देत नव्हता. ती सकाळी आठला निघायची ती संध्याकाळी सहाला परत. त्या दिवशी भेटीसाठी सुट्टी घेऊन थांबली होती.

खोली एकच. पण कशी लखलखत होती! कॉटवर पांढरीशुभ्र चादर, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. भिंतीवर घड्याळ. मला बसायला निळी प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक हात काळ्या तारेनं बांधलेला. हिरव्या काठाच्या कपातून चहा आला.

मी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्या मनगटाकडं. घड्याळ दहा मिनिटं पुढं होतं.

हे घड्याळ मी ओळखत होते. मागच्या मंगळवारी, याच गल्लीत, तीन दारं पलीकडं ते मला भेटलं होतं. तेव्हाही दहा मिनिटं पुढंच होतं. तारेच्या हाताच्या खुर्चीवर तर मी तिथंही बसले होते.

"चहा गोड झाला का हो?" काजवालीनं विचारलं. "यांना गोड लागतो, म्हणून हात तसाच पडतो माझा."

"हिचा हात गोड, जीभ तिखट," कॉटवरून रंगारी म्हणाला. हाडं दिसत होती, पण डोळे मिश्कील. "ताई, अख्ख्या शहराला रंग दिला मी. आता बघा, वरच्या छताचे पोपडे निघालेत आणि मी खाली पडून नुसता बघतोय. असा सूड कुणी घेतला नसेल."

"दिवसभर काय करता?" मी विचारलं.

"राजासारखा झोपतो."

"झोपूनच असतात," ती घाईनं म्हणाली. "काही म्हणता काही त्रास नाही त्यांचा."

दाराशी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ येऊन टेकले. शेजारच्या खोलीत राहणारे, निवृत्त पहारेकरी. भिंतीवरचं घड्याळ नीट लटकतंय ना, हे ते पुन्हा पुन्हा बघत होते. मालकाची नजर लपत नाही. गल्लीत त्यांना घड्याळकाका म्हणायचे.

"माणूस सोन्यासारखा आहे," काका म्हणाले. "दुपारी मी इकडून भिंतीवर टकटक करतो, तो तिकडून करतो. तेवढीच आमची..."

"काका, चहा घ्या," काजवाली म्हणाली. असं म्हणाली की काकांनी मिशीसकट तोंड मिटलं.

एकतिसावा प्रश्न होता, दिवसा रुग्णाजवळ कोण असतं? तो सगळ्यात जड प्रश्न. रुग्ण एकटा राहत असेल तर बेरजेतून चार गुण वजा होतात.

"दिवसा जवळ कोण असतं?"

"मीच," ती म्हणाली. "मीच असते की."

आठ ते सहा कारखान्यात असणारी बाई, आणि दिवसा घरी तीच. मी मान वर केली नाही. दिसेल ते लिहा, ऐकाल ते लिहा. घड्याळ, एक. खुर्ची, एक. कप, चादर. बेरीज पंधरा.

निघताना दाराच्या कडीकडं लक्ष गेलं. बाकी दाराला गंज, पण कडीच्या भोकाभोवती लोखंड घासून घासून आरशासारखं झालं होतं. रोज कुलूप लागणाऱ्या दाराचं होतं तसं.

 पेन माझं होतं, हात माझा होता, आणि घरी दोन पोरांच्या शाळा होत्या. तोंड मात्र आईनं शिकवलेलं होतं, झाकलेलं.

*

अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र गेलं आणि चौथ्या दिवशी काजवाली कार्यालयात आली. पत्राची चौपदरी घडी. आमच्या मोठ्या बाई खिडकीपाशी होत्या, मी मागं कपाटाजवळ.

"बाई, यात पंधरा गुण लिहिलेत," काजवाली म्हणाली. "माझ्या आयुष्यात मला कुठल्या परीक्षेत पंधरा पडले नव्हते. तरी नापास कशी झाले?"

मोठ्या बाई हसल्या. वाईट नव्हत्या त्या. पंचवीस वर्षं त्याच खिडकीत बसून माणूस जसा होतो तशा होत्या. "ते आतलं असतं. तुम्हाला फेरभेट मागता येते. एकदाच. पुन्हा हाच निकाल आला तर दोन वर्षं अर्ज करता येणार नाही. मागायची?"

"मागते." मग तिनं मला बघितलं. तिच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. कसलाही राग नव्हता, हेच वाईट. ती काउंटरवर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही आला होतात ना? खरं सांगा, काय कमी पडलं? चादरीवर डाग होता का? मी धुतली होती हो चांगली."

मोठ्या बाई माझ्याकडं बघत होत्या.

"डाग नव्हता," मी म्हटलं.

"मग सामान कमी पडलं असेल." ती स्वतःशीच मान हलवत राहिली. "हां. एका खुर्चीनं काय होतंय? ह्या वेळी बघा तुम्ही."

ती गेली. मी एका फाइलची नाडी सोडली, पुन्हा बांधली. पुन्हा सोडली.

*

फेरभेटीला मलाच पाठवलं. ज्यानं पहिली भेट दिली त्यानंच दुसरी द्यायची, तोही एक नियम.

गल्लीच्या तोंडाशीच इस्त्रीवाली मावशी उभी होती, निळ्या खुर्चीची मालकीण. मला बघून ती मागं वळून ओरडली, "आली गं!" आणि आत कुठंतरी भांडी वाजली.

दारात पाऊल टाकलं आणि मी थांबले.

खिडकीला फुलाफुलांचा पडदा लागला होता. खुर्च्या आता दोन. भिंतीला कमरेएवढा आरसा, घड्याळाशेजारी कुणाच्या तरी लग्नातलं मोठं चित्र. जमिनीवर चटई, त्यावर सतरंजी. कोपऱ्यात टेबलपंखा, त्याची वायर भिंतीकडं गेली होती आणि तिथंच संपली होती, कारण त्या भिंतीत प्लगच नव्हता. रंगाऱ्याच्या अंगावर नवा शर्ट, कॉलरमध्ये अजून पुठ्ठा. मान हलवता येत नव्हती बिचाऱ्याला.

"नवरदेव केलाय मला," तो म्हणाला. "फक्त घोडा मिळाला नाही उसना."

"गप्प बसा हो!" काजवालीनं डोळे वटारले.

दारात अर्धी गल्ली जमली होती. घड्याळकाका, मावशी, पंख्याची मालकीण, आरशाचा मालक. सगळ्यांच्या चेहऱ्यावर लेकीला सासरी धाडताना असतं तसं काहीतरी. आपलं होतं नव्हतं ते दिलं, आता तिचं भलं होऊ दे.

मी मनात बेरीज केली. एकवीस.

पिशवीतून कागद काढला. पेनचं टोपण काढलं. पहिला प्रश्न, छप्पर कसलं? पेन कागदावर टेकलं आणि पुढं जाईना. शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. मानेमागून आवाज आला, सांग ना, जेवलो म्हणून.

मी पेनला टोपण लावलं.

"मला एक बहीण होती," मी म्हटलं.

काजवालीला काही कळलं नाही. "बसा ना ताई. ह्या खुर्चीवर बसा, ही जास्त चांगली."

"मी नऊ वर्षांची होते, ती आठ महिन्यांची. आईला दूध येत नव्हतं. आईनं दुधाच्या कार्डासाठी अर्ज केला. असाच एक साहेब आला, अशीच पिशवी. आईनं शेजारची खुर्ची आणली, कुणाचा तरी कंदील आणला. मला म्हणाली, सांग, जेवलो. मी सांगितलं. कार्ड मिळालं नाही."

मावशी दाराच्या चौकटीला टेकली.

"महिन्याभरानं एक जोडपं आलं. लांबच्या गावाहून. चांगली माणसं होती, मूलबाळ नव्हतं. आईनं तिला न्हाऊ घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. ती माझ्याकडं बघून हसत होती. तेव्हा तिला दोन दात होते. आता ती कुठं आहे, तिचं नाव तेच ठेवलंय का, मला माहीत नाही. आईनं मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही, आणि मी आजवर कुणाला सांगितलं नाही, की मी जेवले नव्हते."

माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

"बाई, ही परीक्षा उलटी आहे. घरात जितकं दिसेल तितके गुण, आणि गुण जास्त तर मदत नाही. चादर, घड्याळ, खुर्ची, ह्यांनीच तुमचा अर्ज घालवला. हे सांगायची मला बंदी आहे. तरी सांगतेय."

 भिंतीवरचं घड्याळ तेवढं दहा मिनिटं पुढं पळत होतं.

काजवाली पुढं आली. हसू केव्हाच गेलं होतं. "तुम्हाला पहिल्यांदाच कळलं होतं? खुर्ची आमची नाही ते?"

"हो."

"आणि तरी लिहिलंत?"

"हो."

"का?"

"नोकरी," मी म्हटलं. 

तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मग ती वळली आणि भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून काढून काकांच्या हातात दिलं. "घ्या काका. तुमचं पोर घरी न्या."

मग एकेक निघालं. मावशी खुर्ची उचलून गेली, जाताना पदरानं डोळे पुसत माझ्याकडं न बघता म्हणाली, "आमचं चांगलं करणंसुद्धा वाईटच निघालं गं बाई." आरसा गेला, पडदा गेला, चटई, सतरंजी, चित्र. पंख्याची मालकीण वायर गुंडाळत राहिली, बराच वेळ. रंगाऱ्याच्या मानेतला पुठ्ठा काजवालीनं ओढून काढला, शर्ट काढला, घडी घातली. अंगाखालची चादरही तिनं सरकवून काढली, तशी खालची गादी उघडी पडली, मधोमध कळकटलेली, आणि त्याच्या कमरेवरची जखम दिसली. तळहाताएवढी. तिनं पटकन आपली ओढणी त्यावर टाकली.

खोली केवढीशी होती! सामान असताना मोठी वाटत होती. ह्या खोलीतून लोकांचं सगळं निघून गेलं आणि उरलं ते एवढंच: कॉट, शेगडी, पत्र्याची पेटी, एक दिवा आणि ती दोघं.

मी जमिनीवर बसले. नवा कागद काढला. जुन्यावर शाई सांडली होती, तेवढं कार्यालयात सांगता येणार होतं.

"खुर्ची?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही."

"आरसा? पंखा?"

"नाही. नाही म्हणतेय ना." प्रत्येक 'नाही'बरोबर तिचा आवाज थोडा वाकत होता. नाही म्हणायची सवय नव्हती तिला. आयुष्यभर तिनं आहे, आहे, म्हणत दिवस काढले होते.

मी मनात बेरीज करत होते. पक्कं छप्पर दोन. कॉट, शेगडी, पेटी, दिवा, गल्लीतला नळ, प्रत्येकी एक. आणि घरात कमावतं माणूस, चार. अकरा. उघडं घरसुद्धा दोन गुणांनी श्रीमंत निघालं होतं. आता सगळं एकतिसाव्या प्रश्नावर होतं, आणि ते तिला मी सांगितलं नाही. हे उत्तर मी तिच्या तोंडात घालणार नव्हते. कुणाच्या तरी बोटानं उत्तर देणं काय असतं, हे मला ठाऊक होतं.

"दिवसा रुग्णाजवळ कोण असतं?"

 तिची नजर कडीकडं गेली आणि परत आली. बोटं त्याच्यावर टाकलेल्या ओढणीच्या टोकाला काज करत असल्यासारखी हलत होती.

"मीच," ती म्हणाली. "मीच असते."

मी पेन टेकवलं नाही. थांबले. बाहेर घड्याळकाका उभे होते, घड्याळ पोटाशी धरून. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते त्यांनी बोलायचं नव्हतं.

"असं कसं लिहितील त्या," कॉटवरून आवाज आला. "खोटं आहे ते."

"अहो, तुम्ही नका..."

"ताई, लिहा. दिवसा जवळ कुणी नसतं. ती बाहेरून कुलूप लावून जाते." त्याच्या आवाजातली गंमत संपली होती. "तिला बोल लावू नका. एकदा मी सरपटत दारापर्यंत गेलो आणि पायरीवरून डोक्यावर पडलो. तेव्हापासून मीच म्हटलं, कुलूप लाव. जा बिनघोर, मी झोपतो."

"झोपतातच ना," ती म्हणाली. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघून. विचारल्यासारखी.

तो छताकडं बघत राहिला. वर एक पोपडा सुटू पाहत होता.

"नाही गं," तो म्हणाला. "दोन वर्षांत एक दिवस झोपलो नाही. तू कुलूप लावतेस, तुझ्या चपला गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ऐकू येतात, मग येत नाहीत. त्यानंतर तू येईपर्यंत मला भीती वाटते. रोज वाटते. तुला सांगितलं असतं तर तू कामाला गेली नसतीस. म्हणून हसत होतो."

एकतिसाव्या प्रश्नापुढं मी लिहिलं, कुणी नाही, आणि अकरातून चार वजा केले.